आखणी थांबवा, साहेब आलेत

(पेणजवळचं हमरापूर. गणपतीच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीचे ‘परिवर्तन विभागप्रमुख’ मूर्ती ठरवायला आलेत.)

विभागप्रमुख : काका, मूर्तीचं नंतर बघू. तुमच्याकडे नवनिर्मितीचं नेतृत्व कोण करतं?

कारखानदार : चहा कोण आणतं ते सांगू शकतो.

विभागप्रमुख : तसं नाही हो. माणसं बदलाला विरोध करतात, त्यांना वळवतं कोण?

कारखानदार : माणसं कुठे करतात? माल करतो. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत दिवसचे दिवस वाळत नाही. पीओपी चहा होईस्तोवर कडक! काथ्या घालून रबरी साच्यातून भराभर काढा, वजनाला हलकी, टेम्पोत फुटत नाही. वडील शाडूवरून पीओपीवर आले तेव्हा कुणी शिबिर घेतलं नव्हतं.

विभागप्रमुख : (लिहून घेत) तळातून वर गेलेलं परिवर्तन!

कारखानदार : मग वरून खाली आलं. मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाची पीओपीला मनाई. लगेच वर्षभर पुढे ढकलली. 30 जानेवारी 2025 ला हायकोर्ट म्हणालं, मनाई कडक पाळा. 9 जूनला म्हणालं, बनवा, विका, पण नदी-समुद्रात सोडू नका. 24 जुलैला म्हणालं, सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच सोडा.

विभागप्रमुख : मग तुम्ही संक्रमणाचा आराखडा केला असेल?

कारखानदार : अहो, आमचं वर्ष विसर्जन झालं की सुरू होतं. कर्ज तेव्हाच उचलायचं. परदेशी जाणारा माल उन्हाळ्यातच कंटेनरमध्ये चढतो. जानेवारीत हुकूम आला तेव्हा कच्च्या मूर्ती रांगेने उभ्या. उभ्या मूर्तीतलं पीओपी काढून शाडू भरायची युक्ती असेल तर सांगा, ती नवनिर्मिती मी आत्ता विकत घेतो.

आखणीवाली : (मूर्तीचे डोळे आखताना नजर न काढता) आणि शाडू येते गुजरातेतून.

विभागप्रमुख : पण ताई, पर्यावरण...

आखणीवाली : भोगावती आमच्याच पेणातून वाहते, साहेब. पीओपी पाण्यात विरघळत नाही हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण गिऱ्हाइकाला मूर्ती शाडूची हवी आणि पैसे पीओपीचे द्यायचे असतात.

विभागप्रमुख : इथेच तर नेतृत्व लागतं! कुणीतरी पहिलं पाऊल...

कारखानदार : टाका. ही बघा, दोन फुटी शाडू. जरा महाग, पण नाव कंपनीचं होईल.

विभागप्रमुख : सुंदर! मनापासून आवडली. फक्त... ते माझ्या अधिकारात नाही. खरेदी विभागाला तीन कोटेशनं लागतात. पितांबराचा रंग समिती ठरवते. आगाऊ रक्कम मुंबई ऑफिस मंजूर करतं.

कारखानदार : समिती बसते कधी?

विभागप्रमुख : चतुर्थीनंतरच्या सोमवारी.

कारखानदार : अन् बाप्पा?

विभागप्रमुख : तारखेत थोडी लवचीकता नाही का दाखवता येणार?

आखणीवाली : (कुंचला वर धरून) शेठ, बाप्पाचा दुसरा डोळा आखू, की समितीला विचारू?