टँकर आला, विहीर नापास

उरुळी देवाचीला दगडाची खाण होती. दगड निघाला, खड्डा उरला, आणि खड्डा दिसला की शहराला कचरा आठवतो. ऐंशीच्या दशकात ही जागा पुणे महापालिकेकडे आली, पुढे वाढत वाढत १६३ एकरांवर गेली, आणि सासवड रस्त्याला पत्ता सांगताना नुसतं 'डेपो' म्हटलं तरी भागू लागलं. आता जुने ढीग चाळून जमीन मोकळी करायचं काम निघालं आहे. किती एकर मोकळे झाले हे पत्रकार परिषदेत सांगता येतं, मोकळ्या जागेवर फीतही कापता येते. खालच्या पाण्यावर फीत कशी कापणार?

म्हणून पाण्याचं 'संनियंत्रण' करतात.

घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६चे नियम याबाबतीत वाचण्यासारखे होते. भरावभूमीच्या, म्हणजे कचरा पुरायच्या जागेच्या, हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तपासा. तळाशी ९० सेंटिमीटर मातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक अंथरा. भूजलाची वरची पातळी त्या मातीच्याही दोन मीटर खाली हवी. (खाण म्हणजे मुळातच पाण्याच्या दिशेने पाडलेलं भोक, पण ते असो.) आणि मुख्य म्हणजे, कचरा टाकण्याआधीच्या पाण्याची नोंद जपून ठेवा. असे नियम देशात पहिल्यांदा आले २००० साली. उरुळीत पहिला ट्रक रिकामा झाला तो त्याच्या कितीतरी आधी. 'पाणी आधीपासूनच तसं होतं' हे वाक्य खोटं पाडायला लागणारा कागदच मग कुठून येणार?

खडकही महापालिकेच्याच बाजूचा. बसाल्टमध्ये पाणी भेगाभेगांतून वाहतं आणि खाणीतल्या सुरुंगांनी भेगा वाढवलेल्या असतात. एका विहिरीत काळं पाणी, तर पलीकडच्या बांधावरच्या विहिरीत नितळ, असं होऊ शकतं. नमुना कुठल्या विहिरीचा घ्यायचा, हे मग नमुना घेणाऱ्याच्या स्वभावावर येतं.

नमुना नीट घ्यायचा तर बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी उपसून टाकावं लागतं, रूढ पद्धतीप्रमाणे तिप्पट. सहा इंची बोअरमध्ये तीस मीटर पाणी असेल तर जवळजवळ सोळाशे लिटर. मग बाटली भरायची. शिसं, कॅडमियम शोधायचं असेल तर तिच्यात थोडं नायट्रिक आम्ल घालायचं, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि वेळेत प्रयोगशाळेत पोचवायची. आता कुठल्याही खात्यातला एक काल्पनिक कनिष्ठ अभियंता डोळ्यांपुढे आणा. दुपारचे अडीच, लाइट गेलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, बर्फाचं पाणी झालंय. सोळाशे लिटर उपसायचेत. शेजारी हापसा आहे. दोनदा हापसलं की बाटली भरते.

अहवाल आला तरी तो वाचायला कसब लागतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे गावाला दुसरं पाणी नाही तोवर १८००चं पाणी पास. टँकर दारात आला की दुसरा स्रोत झाला, आणि विहीर त्याच दिवशी नापास! गावाला टँकर देऊन विहिरीची बदनामी कोण ओढवून घेईल? नायट्रेट तेवढं हट्टी. ४५च्या वर सवलत नाही, दुसरा स्रोत असो वा नसो. उरुळीशेजारच्या फुरसुंगीकरांना हे गणित कुणी शिकवायला नको. त्यांच्या विहिरी बिघडल्या आणि कित्येक वर्षं त्यांनी टँकरवर काढली.

मधल्या काळात डेपोचं प्रकरण हरित लवादातही जाऊन आलं. २०१७ साली उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन्ही गावं महापालिकेत घेतली, नंतर वगळली आणि त्यांची वेगळी नगरपरिषद केली. भरावभूमी बंद झाल्यावर निदान १५ वर्षं पाण्यावर लक्ष ठेवा, असंही २०१६च्या त्या नियमांत होतं. तेवढ्या काळात हद्दी आणखी किती वेळा हलतील कोण जाणे. शिवाय ढीगच उचलला, तर ते ५० मीटर मोजायचे कुठून? हा मुद्दा तांत्रिक असल्याने त्यावर अभिप्राय मागवावा लागेल, आणि तो येईपर्यंत टँकरच्या ठेक्याला वर्षभराची मुदतवाढ द्यायला कुणाची हरकत नसावी.