आधी रकाना ठरवा, मग पळा

सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे म्हणून पोरगं पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतं. दहा पुलअप्ससाठी तळहाताची सालटी निघतात. आणि सैन्याच्या अग्निवीर भरतीचा फॉर्म? तो तालुक्याच्या नेट कॅफेत चहा गार व्हायच्या आत भरून होतो. "कशाला टाकू?" ऑपरेटर विचारतो. "टाक जीडीला, जनरल ड्यूटीला, सगळे जीडीलाच टाकतात." चला, पुढचा कोण?

पोराच्या आयुष्याचा निर्णय असा काउंटरवर उरकतात, याची मला चीड येते.

पूर्वी हे एक वेळ खपून जायचं. एकदा भरती झालं की पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि मागे पेन्शन. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हिशेबच बदलला. आता नोकरी चार वर्षांची. जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. बाकीचे सेवानिधीचे एकरकमी दहा-अकरा लाख घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चारातले तिघे पंचविशीच्या आसपास पुन्हा नोकरीच्या रांगेत! तेव्हा गाठीला कोणतं काम असेल, हे बरंचसं फॉर्मवरच्या भरतीच्या प्रकाराच्या त्या एका रकान्यावर ठरतं.

टेक्निकलला बारावी सायन्स लागतं, नाहीतर दहावीवर आयटीआय किंवा डिप्लोमा. क्लार्कला बारावीला ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५०. जीडीला दहावीचे ४५ टक्के पुरतात. मग दोन वर्षं घासून इलेक्ट्रिशियन झालेला पोरगा टेक्निकलचा रकाना न बघताच जीडीला का टाकतो? कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. २०२५च्या भरतीपासून दोन प्रकारांसाठी अर्ज करता येतो, हेही नाही.

जीडी कमी प्रतीचं, असं मी मुळीच म्हणत नाही. सीमेवर उभा राहणारा पायदळाचा जवान तोच. ज्याला मनापासून तेच हवंय त्यानं तेच भरावं. मात्र बेळगावचं मराठा रेजिमेंटचं सेंटरच मिळेल असं धरून चालू नये. रेजिमेंट सैन्य ठरवतं. आपल्या हातात असतो तो रकाना.

आणि ट्रेड्समनचा रकाना म्हटलं की घरचे नाकं मुरडतात. "फौजेत जाऊन भाकऱ्या भाजणार?" हो, भाजणार! रायफल तोही शिकतो, कवायत तोही करतो. वर शेकडो जवानांचं जेवण रांधलेला आचारी चार वर्षांनी बाहेर आला, तर त्याच्या हातात काम असतं. शिंपी, न्हावी, धोबी यांचंही तेच. कामाची लाज आपल्या डोक्यात आहे, पोराच्या पोटावर ती का लादता?

अकॅडमीवाल्यांना माझं थेट सांगणं आहे. फी घेता, ग्राउंड करून घेता, छान. पण पहिल्या दिवशी पोराची छाती मोजण्याआधी त्याची मार्कशीट बघा. कुठले रकाने त्याला उघडे आहेत ते सांगा, आईबापांसमोर सांगा.

आणि दहावीवर जीडीत गेलेल्या पोरानं रुजू झाल्या झाल्या बारावीची चौकशी करावी. मुक्त विद्यालयामार्फत अग्निवीरांसाठी ती सोय आहे, आणि चार वर्षं भुर्रकन जातात.