वारं बघून

आमच्या डोंबिवली पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर एक तांडेल राहतात. आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण अख्खी सोसायटी त्यांना तांडेलकाकाच म्हणते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून ते शिडाच्या होडीत राहायला निघाले आहेत. कधी, असं विचारलं की गॅलरीत जाऊन ओलं बोट वर धरतात. “वारं बघून.”

होडी अजून घ्यायची आहे, तयारी मात्र जोरात. एकदा खडूनं घरात तीस फूट आखायला बसले; बाविसाव्या फुटाला शेजाऱ्यांची भिंत आली. समुद्रात गोडं पाणी जपावं लागतं म्हणून आंघोळ अर्ध्या बादलीत. धुण्याच्या दोरीला त्यांनी बोलाइन मारली. ही गाठ म्हणे घट्ट बसते आणि चुटकीसरशी सुटते. काकूंनी ती कात्रीनं सोडवली.

भरतीची वेळ तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर सहा वाजता. “ही मुंबईची. आपल्याकडे भरतीसुद्धा लोकलसारखी उशिरा पोचते.” हे मात्र खरं आहे. खाडीकाठी रेतीबंदरावर उभं राहून मी ताडून पाहिलंय.

कुणी हसलंच, तर काका इतिहास काढतात. 1657 साली महाराजांनी कल्याण घेतलं, दुर्गाडीखालच्या खाडीत गलबतं बांधायला काढली. म्हणजे आरमार आपल्या अंगणातलं! मग दिलीप दोंदे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’ घेऊन 2009-10 मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. “बांधणारा दांडेकर, हाकणारा दोंदे. आणि आपण भाजीला जातो!” दोंदे नौदलातले होते, असं म्हणावं तर चिचेस्टर हजर. त्या इंग्रजानं 1966-67 मध्ये एकट्यानं प्रदक्षिणा केली, तीही पासष्टीत.

“त्याला नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा नसेल,” आतून काकू.

खरं तर पस्तीस वर्षं दाराशी उभ्यानं दादर गाठलेल्या माणसाला डुलण्याचं काय भय? असं मलाही वाटे. मग आम्ही लाँचनं घारापुरीला गेलो. गेटवे मागे पडलं तसे काका गप्प झाले, मग हिरवट, मग कठड्यापाशी. बोट लागली! काकूंनी पर्समधून आल्याची वडी काढून पुढे केली. जणू त्या तेवढ्यासाठीच आल्या होत्या. परतताना काका म्हणाले, “इंजिनाचा वास हो. शिडाच्या होडीत असं होत नाही.”

परवा त्यांच्याकडे गेलो तर छत्रीच्या खुंटीवर एक नारिंगी लाइफजॅकेट. काका दुसऱ्या जॅकेटचे पट्टे आवळत होते आणि ते घालून काकू आरशासमोर उभ्या.

“मला सैल होतंय हे,” काकू म्हणाल्या. “बदलून आणा.”

शनिवारी दोघं बदलायला जाणार आहेत.