उजवीकडे ओढलेली पट्टी

ठाणे खाडीवर दरवर्षी येणारे रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, तसे फिकटच. मोठा रोहित तर बराचसा पांढरा. पंखातली लाली दिसते ती तो उडाल्यावर. रविवारी रात्री ग्रुपवरच्या फोटोंत उतरतात ते मात्र लग्नातल्या सरबतासारखे! सॅच्युरेशनची पट्टी इतकी उजवीकडे ओढलेली, की मागची कांदळवनं पोपटी आणि खाडीचं पाणी निळंशार. या खाडीचं पाणी निळं पाहिलेला ठाणेकर मला अजून भेटायचाय. बिचाऱ्या पक्ष्याला रंग मिळतो शेवाळ आणि बारीक कोळंबी खाऊन. उरलेला आपण घरबसल्या पुरवतो.

डोंबिवलीकरांची अडचण उलटी. जानेवारी २०१४मध्ये तिथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. फोटो जसाच्या तसा टाकावा, तर पाहणारा विचारणार, ‘फिल्टर कुठला?’

‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेने २०१५मध्ये अंतिम टप्प्याजवळ पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के छायाचित्रं फेरफारापायी बाद केली. उजेड-सावली सावरा, पण चौकटीतलं काही पुसू नका, नवं घालू नका, असा साधा हिशेब. तो आपल्याकडे लावला तर दिवाळी पहाटेचा डोंबिवलीचा अख्खा फडके रोड बाद! गालावरचा तीळ गेला, मागची रिक्षा गेली आणि आता बोटाच्या एका फटक्यात मागची माणसंही जातात.

तीळ पुसायचा तर पुसा बापडे. पण फडके रोडवरची गर्दी तेवढी राहू द्या. लोक तिथे जातात ते तिच्यासाठीच.