जामीनदार नको, फक्त शिक्षा हवी

नागपूरच्या गांधीबागेतला कापड व्यापारी कर्ज मागायला निघाला, की आधी दोन जामीनदार शोधतो. मग विवरणपत्रं, दुकानाचे कागद आणि साहेब जेवायला गेले असतील तर बाकावर तासभर. गाठी तोवर गोदामात.

येरवड्याच्या तुरुंगात असली कटकट नाही. राज्य सरकारच्या संमतीने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये तिथल्या कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ योजना आणली: ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही. हप्ता तुरुंगातल्या मजुरीतून. मुलांची फी, घरचं आजारपण, वकिलाचा खर्च त्यातून भागावा, हा हेतू चांगलाच. बँकेची दूरदृष्टी त्याहून चांगली. पत्ता पक्का, काम ठरलेलं, कर्जदार लंडनला जाण्याची भीती शून्य. चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळाली, तर तेवढीच काय ती जोखीम.

अमेरिका याच्याही पुढे. तिथे सुटणाऱ्या कैद्याला त्याचेच पैसे ‘जेपे’ या खासगी कंपनीच्या कार्डात भरून मिळत आणि वर शुल्कही कापलं जाई. २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण यंत्रणेने कंपनीला ६० लाख डॉलर भरायला लावले. कल्पकतेची कदर कुठेच नाही!

गांधीबागेलाही येरवड्यासारखी सोय द्यावी: आधी शिक्षा, मग कर्ज, दोन्हींची मुदत सारखी.

बँक आणि तुरुंग हे नातं नागपूरला नवं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या न्यायालयाने रोखे घोटाळ्यात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या माजी अध्यक्षांना ५ वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात त्यांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.