नमुना २६ चे वाङ्मय

उमेदवारांकडून मिळकतीचा तपशील शपथेवर घ्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निवडणूक आयोगास दिला, तेव्हापासून नमुना २६ चे शपथपत्र हा आमच्याकडे एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. २००९ साली प्रथम खासदार निवडणाऱ्या आमच्या मावळ मतदारसंघात, द्रुतगती मार्गाच्या कृपेने लोणावळ्याकडील भातखाचरे गुंठ्यांच्या हिशेबाने विकली जाऊ लागल्यावर, या शपथपत्रातील स्थावर मिळकतीचा रकाना विशेष रसाळ व्हावा, हे क्रमप्राप्तच; जमीन तीच, सातबारा तोच, परंतु दर पाच वर्षांनी अंदाजे चालू बाजारभाव नोंदविताना लेखणीस असा काही बहर येतो, की इंद्रायणी भात पिकवून सोसायटीचे कर्ज फेडणाऱ्या गरीब खातेदारास, त्याच कागदावर व्यवसाय म्हणून 'शेती' लिहिलेली वाचून, आपण आजवर नेमके काय करीत होतो, असा प्रश्न पडावा.