पिशोर घाटात मोबाईल धरून बसणाऱ्यास

कॅमेरामन भाऊ,

सगळं गाव तुझ्या मित्रावर चिडलंय. वळणावर गाडीचं पुढचं चाक उचलतो तो, फटाका सायलेन्सर वाजवतो तो, शिव्याही त्यालाच. हे पत्र मात्र तुला. रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसून ‘पार उचल ना, चाक दिसत नाही!’ असं ओरडणारा तू असतोस. पहिल्यांदा तो भीतभीतच उचलतो. तू स्क्रीनकडे बघतोस, नापसंतीनं मान हलवतोस आणि बोटानं खूण करतोस, परत. तिसऱ्या खेपेला समोरून मक्याची ट्रॉली येते. एका हातानं तू ट्रॉलीवाल्याला थांबवतोस आणि दुसऱ्या हातातला मोबाईल तसूभरही हलू देत नाहीस. वा रे एकाग्रता! दहावीला एवढी दाखवली असतीस, तर घरच्यांनी गावभर पेढे वाटले असते.

जागाही नेमकी शोधलीस. मार्च 2025 मध्ये याच पिशोर घाटात उसाचा ट्रक उलटला आणि वर बसलेल्यांपैकी काही ऊसतोड मजूर जिवाला मुकले. भरल्या ट्रकवर बसायची हौस कुणाला असते? पोटासाठी बसले होते ते. माणसं जिथं अशी गेली, तिथं तू लाईक मोजायला बसतोस, याची मला मनापासून चीड येते.

धाडसाला माझा विरोध नाही. राज्य सरकारनं 2022 मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. पण गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेपासून सरावाला लागतात, वरच्या थरावरच्या गोविंदाला दोर बांधतात. दुचाकीवर कसरती करणारे जातिवंत खेळाडूही आहेत. ते बंद मैदानात, हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्यांना पॅड लावून उतरतात. चाक उचललं की त्यांचा उजवा पाय मागच्या ब्रेकवरून हटत नाही. पुढचं चाक हवेत असताना पुढचा ब्रेक आणि हँडल दोन्ही बिनकामाचे. गाडी मागं कलंडू लागली, तर तो मागचा ब्रेकच तिला खाली आणतो. तुझ्या मित्राच्या पायात चप्पल असते. हेल्मेट तर तूच काढायला लावलंस, चेहरा दिसायला हवा म्हणून!

17 जून 2024 विसरलास का? आपल्याच जिल्ह्यात, खुलताबादजवळ सुलीभंजनला, 23 वर्षांची मुलगी कार मागं घेत होती आणि मित्र चित्रण करत होता. कार तिच्यासह सुमारे 300 फूट दरीत कोसळली, मुलगी गेली. मोबाईल धरणारा शेवटच्या क्षणी धावला होता, पण उशीर झाला होता. मग ती चित्रफीत लोकांनी या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरवली. तिच्या आईबापांनी कुठं तोंड फिरवायचं?

तुला वाटत असेल, पडेल तर तो पडेल, मी तर नुसता उभा आहे. त्याच जून महिन्यात पुण्यात एक मुलगी रीलसाठी पडक्या इमारतीच्या छतावरून मित्राचा हात धरून लोंबकळली. पोलिसांनी गुन्हा नोंदवताना त्या दोघांबरोबर चित्रण करणाऱ्यालाही आरोपी केलं. आणि तुझा मित्र अजून अठराचा नाही, हे तुला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाच्या अशा गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्या बापानं मका विकून गाडीचे हप्ते भरले, त्यानं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि तू घरी बसून गाणं जोडणार. मोठीच मैत्री निभावलीस!

त्याला थांबवू शकेल असा माणूस गावात एकच आहे, तो म्हणजे तू. बापाचं तो ऐकत नाही, पोलिसांना बघून पळतो, पण तू नसलास तर चाक उचलून दाखवायचं कुणाला? म्हणून कळकळीनं सांगतो, पुढच्या वेळी त्यानं घाटात गाडी उभी केली, की मोबाईल खिशात टाक आणि गाडीची किल्ली काढून घे.

तुझ्याच गावचा,
एक पिशोरकर